दूध बंद, तूप चालू

मागच्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर भलं मोठं पातेलं चढवलेलं, केशर, चारोळी, जायफळ सगळं घातलेलं, आणि मी दोन ग्लास रिचवले, त्यातला दुसरा खरंतर शेजारच्या काकांनी "घे रे, चंद्र पडलाय त्यात" म्हणत हातात कोंबलेला. रात्री दीड ते पहाटे साडेपाच मी कुठे होतो ते लिहीत नाही, समजून घ्या.

पोटाची कुरबुर तशी दोन-तीन वर्षांची जुनी. गॅस, पोट फुगणं, मीटिंगमध्ये पोटातून ढोल-ताशा. मी खापर फोडायचो ते कँटीनच्या तेलावर. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच पोट असं गप्प झालं की मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. मग ती श्वासाची टेस्ट पण केली, लॅक्टोजचं पाणी पाजतात आणि ठराविक वेळाने फुंकायला लावतात, श्वासात हायड्रोजन किती येतो ते बघतात. माझा भरपूर आला.

प्रकार साधा आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि ते लहानपणानंतर बऱ्याच जणांचं कमी कमी होत जातं. न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात पोचते आणि मग तिथल्या बॅक्टेरियांची कोजागिरी सुरू. साध्या दुधात 100 मिलीला साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज असतं, आटवून निम्मं केलं की तेवढ्याच ग्लासात दुप्पट, आणि मी दोन ग्लास प्यायलेलो!

तर दूध बंद. पण आमच्या घरात दूध पितंच कोण, दूध येतं ते सायीसाठी. रोज दोन लिटर म्हशीचं, त्याची साय, सायीला विरजण, एकाआड एक रविवारी घुसळण, लोणी, मग तूप, ताक वेगळंच. हा आईचा कारखाना, चाळीस वर्षं अखंड चालू. माझ्या वाटचं अर्धा लिटर बंद करायचं म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न माझ्या पोटाबद्दल नव्हता. "दीड लिटरात कसली साय येणारे?" असं विचारलं तिने.

बाकी सगळं सुटलं, चहा सुटेना. आधी सोया. पाकिटातलं सोया उकळत्या आल्याच्या चहात ओतलं आणि डोळ्यांदेखत चहा फाटला, वर पाणी आणि खाली पनीरच्या चुऱ्यासारखा गाळ. दोनदा फेकला. मग कळलं की चहा-कॉफीची आंबटाई आणि गरमपणा एकत्र आला की सोयाचं प्रोटीन गोळा होतं. आता सोया वेगळं कोमट करून आधी कपात घेतो, चहा जरा निवू देतो आणि वरून हळूहळू ओततो, त्यातही कोरा चहा फार कडक झालेला असेल तर फाटायचा तो फाटतोच. आलं घातलं तर ते चहाच्या पाण्यात नीट उकळून घ्यायचं, कच्च्या आल्याने तर म्हशीचं दूधही फाटतं.

ओट्सचं घरी केलं आणि चांगलंच फसलं. मिक्सरला मिनिटभर फिरवलं, गाळलं, चहात घालून उकळी आणली तर चहाची पेज झाली. बायको म्हणाली, कॉटनच्या साडीला खळ करतोयस का? उकळायचं नसतं ते, स्टार्च आहे, तापलं की घट्ट होणारच. गार पाण्यात वीस-पंचवीस सेकंद फिरवून न दाबता गाळायचं, तरी थोडं बुळबुळीत लागतंच. बदामाचं महाग, आणि पाकिटामागची बारीक अक्षरं वाचलीत तर पहिलं नाव पाण्याचं. प्रोटीन पाहिजे असेल तर सोयाच, बाकीचे चहा पांढरा करण्यापुरते.

बाय द वे या पाकिटांवर 'मिल्क' लिहिलेलं सहसा दिसत नाही, 'ड्रिंक' नाहीतर 'बेव्हरेज' असतं. 2021 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, डेअरीचे शब्द वनस्पतीच्या पेयांना वापरायचे नाहीत म्हणून सक्ती केली. नारळाच्या दुधाला मात्र सूट, कारण ते नाव आधीपासून रुळलेलंय. आईचं माहेर रत्नागिरीकडचं, तिला यात काहीच नवीन नाही. सोलकढी, रसातल्या शेवया, खापरोळ्यांबरोबरचा गूळ घातलेला रस, यात म्हशीचं दूध कधी होतं? फक्त चहात नारळाचा रस घालू नका, मी घातला होता, चहाला तेलाचा तवंग आणि मोदकाचा वास.

सगळ्यात जमलं ते दाण्याचं दही. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढायची, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळायचं, ढवळत ढवळत चांगलं उकळायचं (खाली लागतं लगेच), कोमट झालं की चमचाभर विरजण. नुसतं खाल्लं तर कच्च्या दाण्याचा वास येतो, पण कढी एक नंबर होते, जिरं-मिरची घातली की उपवासाच्या आमटीची सख्खी बहीण.

मी विरजणाला साधंच दही घेतो आणि एका व्हेगन ग्रुपवर हे लिहिल्यावर मला ठीकठाक शिव्या बसल्या. त्यांचा मुद्दा गाईम्हशींचा आहे, तो आहेच, पण मी प्राण्यांसाठी नाही, संडासातून बाहेर यायला दूध सोडलंय, आणि तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच, मग वरणभात कोरडा का खाऊ? फक्त एक काळजी घेतो. आम्ही शाकाहारी, म्हणजे बी12 जे काय मिळायचं ते दुधातून, त्यामुळे रक्त तपासून गोळी चालू केलीय. कॅल्शियमला नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी.

रतीब आता दीड लिटरवर आहे. लोणी पंधरा दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी निघतं, आणि तुपाच्या बरणीवर आईची नजर असते, मी दुसरा चमचा घेतला की "साय बंद करणाऱ्याला एकच" असं ऐकू येतं. परवा तिने तूप कढवलं, मी लॅपटॉप घेऊन किचनच्या दारातच बसलेलो. कढई खरवडून तिने बेरी काढली, वर साखर घातली, वाटी माझ्याकडे सरकवली आणि मग एकदम थबकली. "चालतं ना रे तुला?"

मी आधी खाल्ली, मग चालतं म्हणालो.