भोंगा नव्हे, आधी मोटर

ठाण्यात नौपाडा, चरई भागांतील जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तसे अनेक घरांच्या माळ्यांवरून चावीचे फोनो, म्हणजे किल्लीने चालणारे ग्रामोफोन, खाली आले. असे फोनो दुरुस्त करण्याचे काम मी हौसेने करतो, हे ओळखीच्या मंडळींना माहीत असल्यामुळे त्यांतले काही फोनो माझ्याकडे येतात, आणि आणणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘हा एचएमव्हीचाच आहे ना?’ त्याचे उत्तर भोंग्यात किंवा एचएमव्ही (‘हिज मास्टर्स व्हॉइस’) कंपनीच्या कुत्र्याच्या चित्रात शोधू नये. चकचकीत पितळी भोंगा, नवी पॉलिश केलेली अष्टकोनी पेटी आणि तिच्यावर चिकटवलेले ते चित्र, असे सगळे एकत्र दिसले, की मला प्रथम शंका येते. अशा सुटे भाग जोडून केलेल्या नकली फोनोंची मोठी पैदास आपल्याच देशात झाली असून ते परदेशातही विकले गेले आहेत. भोंगा आणि पेटी यांना जोडणारे कोपर जाड, ओबडधोबड ओतीव असते, आणि आतली मोटर बहुधा एखाद्या मोडीत निघालेल्या पेटीफोनोतून काढलेली असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अस्सल यंत्रांचे भोंगे बऱ्याचदा रंगवलेल्या पत्र्याचे असत.

याउलट, काळ्या रेक्झिनची साधी पेटी घरात पडून असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. 1931 मध्ये बाजारात आलेले एचएमव्ही 102 हे मॉडेल दीर्घकाळ बनत राहिले, आणि माझ्या मते आवाजाच्या बाबतीत ते कितीतरी दिखाऊ यंत्रांना मागे टाकते.

दुरुस्तीची सुरुवात मोटरपासून करावी. तबकडी फिरताना ‘धप्प’ असा आवाज येऊन वेग अडखळत असेल, तर स्प्रिंग सहसा तुटलेली नसते. स्प्रिंगच्या डब्यातले जुने ग्रीस घट्ट झाल्यामुळे तिचे वेढे एकमेकांना चिकटून एकदम सुटत असतात. डबा उघडण्यापूर्वी मोटर पूर्ण थांबेपर्यंत फिरू द्यावी, कारण ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटे कापते. रॉकेलने धुऊन ग्राफाइटयुक्त ग्रीस भरावे. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या टोकांना मात्र शिवणयंत्राचे पातळ तेल पुरते. स्प्रिंग टोकाशी तुटली असल्यास ते टोक तापवून नरम करता येते आणि नवे भोक पाडता येते. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपला हे काम अवघड नाही.

वेगाकडे बहुतेक जण फारसे लक्ष देत नाहीत, आणि माझा आग्रह नेमका तिथेच असतो. मिनिटाला 78 ऐवजी 74 फेरे झाले, तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने उतरतो, म्हणजे काळी एकमध्ये गायलेले नाट्यपद पांढरी एकमध्ये ऐकू येते, आणि ऐकणारा गायकाच्या आवाजाविषयी भलतेच मत बनवतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने 77 काळ्या रेषा आखलेली कागदी चकती तबकडीवर ठेवावी. चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेषा स्थिर दिसल्या, की वेग 77.92 असतो. बहुतेक एलईडी दिव्यांखाली हा प्रयोग साधत नाही. रेषा सरकत राहिल्या, तर गव्हर्नरच्या तीन वजनांच्या पातळ पट्ट्या आणि घर्षणाची गादी तपासावी.

पिनेची कंपने पडद्यावर घेऊन आवाज काढणारा साउंडबॉक्स नाजूक असतो. जुन्यांत अभ्रकाचा पडदा, 1925 नंतरच्या बऱ्याच साउंडबॉक्सांत ॲल्युमिनियमचा. पडद्याभोवतीची रबरी नळी कडक झाली, की आवाज चिरका होतो. तिच्या जागी मऊ सिलिकॉनची बारीक नळी बसवावी. जस्तमिश्रित धातूच्या ओतीव भागांना वयानुसार भेगा पडतात आणि ते फुगतात, म्हणून स्क्रू जोर लावून फिरवू नयेत. खाडीकाठच्या दमट हवेत पोलादी भाग लवकर गंजतात. पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात फिरवावा आणि स्प्रिंग ताणलेली ठेवू नये.

पोलादी पिन तबकडीच्या एकाच बाजूसाठी वापरून बदलावी, कारण तबकडीतील दगडाच्या भुकटीवर ती झिजते आणि झिजलेली पिन खोबणी खरवडते. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत, त्यात लाख विरघळते. आणि कोणी कितीही आग्रह केला, तरी या यंत्रावर एलपी लावू नये: साउंडबॉक्सचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन विनाइलची खोबणी एकाच फेरीत नासवून टाकते.