कौलं पोटात घेतलेला स्लॅब: माझा अनुभव

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला फिलर स्लॅब आम्ही १० बाय १२ फुटांच्या खोलीवर टाकला. त्यामागचं तत्त्व असं: भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये दाब वरच्या भागावर येतो आणि खालचा ताण सळई घेते. त्यामुळे खालचं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन असतं. त्याच्या जागी मंगलोरी कौलं बसवायची.

उतरवलेल्या छपराची कौलं घेतली. प्रत्येक कौल बोटाने वाजवून खणखणीत तेवढं ठेवलं, बद्द वाजणारी बाजूला काढली. मग बुडबुडे थांबेपर्यंत ती हौदात बुडवून ठेवली. कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी शोषतं आणि त्याच्याभोवतीचा माल भुसभुशीत राहतो. नंतर दोन-दोन कौलं एकमेकांवर ठेवून कडा सिमेंट-वाळूने बंद केल्या. जोडीची जाडी साधारण ३ इंच भरली. कडा उघड्या राहिल्या तर स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) आत शिरते आणि उष्णता अडवणारी हवेची पोकळीच जाते.

सेंट्रिंगच्या (स्लॅब टाकण्याच्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लायवर खडूने चौकटी आखल्या. दोन जोड्यांमध्ये ४ इंचांची रिब (काँक्रीटची भरीव पट्टी) आणि भिंतीलगत चारही बाजूंनी किमान ९ इंच भरीव पट्टा ठेवला. आधाराजवळ कातर ताण (स्लॅबला कात्रीसारखा कापू पाहणारा) जास्त असतो, तिथे कौल नकोच. अशा ६ बाय ८ म्हणजे ४८ जागा निघाल्या, कौलं ९६. फुटतूट धरून ११० आणली होती. छज्जा या हिशोबात घेतला नाही. तो भिंतीबाहेर लोंबता असल्याने तिथे ताण वर आणि दाब खाली असतो, म्हणून तो पूर्ण भरीवच टाकला.

रिबमधल्या सळया इंजिनिअरच्या डिझाइनप्रमाणे टाकल्या, खाली सळई प्लायपासून उचलून धरणारे २० मिमीचे कव्हर ब्लॉक. विजेचे पाइप आणि पंख्याचे हूक रिबमधूनच घ्यावे लागतात, म्हणून इलेक्ट्रिशियनला कौलं मांडण्याआधी बोलवा. कौलांवर दोन इंच काँक्रीट येतं, त्यात बारीक जाळी टाकली. एकूण जाडी ५ इंच.

सर्वांत जास्त लक्ष काँक्रीट ओतताना लागतं. माल उंचावरून पडला की जोडी सरकते आणि रिब कुठे दोन, कुठे सहा इंचांची होते. म्हणून आधी रिब भरून जोड्या जाम केल्या, मग वरचा थर दिला. मजूर फळ्यांवरूनच चालले. व्हायब्रेटरची सुई फक्त रिबमध्ये घातली, कौलाला लागली की ते फुटतं. काँक्रीट ओतण्याआधी कौलांवर पुन्हा पाणी मारलं होतं.

मिश्रण १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी). काँक्रीट साध्या स्लॅबपेक्षा जवळपास पाव भाग कमी लागलं. आळी करून पाणी साठवलं आणि टेकू १४ दिवसांनी काढले. प्लाय उतरल्यावर कौलांवर राखाडी ओघळ दिसले. ते त्याच दिवशी काथ्याच्या ब्रशने आणि पाण्याने घासले, तेव्हा लाल रंग वर आला.