लेकीसाठी मदत शोधताना: कोणत्या दारात काय मागायचं

माझी लेक सातव्या महिन्यातच जन्मली. आरओपीमुळे, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे, दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब झाला आणि नजर बरीचशी गेली. ऑपरेशनने आता आणखी काही होणार नाही, संस्थांना भेटा, असं डॉक्टर म्हणाले. कोणत्या संस्थांना, ते मात्र फाइलवर लिहिलेलं नव्हतं.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. नावं सुचवणाऱ्यांची काही कमी नव्हती. "महापेला हेलन केलर आहे की," हे तर प्रत्येकाने सांगितलं. ती संस्था कर्णबधिर आणि कान-डोळे दोन्हींचा त्रास असलेल्या मुलांसाठी आहे. आमच्या बाईसाहेबांना खालच्या मजल्यावरची कुजबुजसुद्धा ऐकू येते! सरकारच्या निरामय आरोग्य विम्याचंही तसंच. 1 लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना. नुसता दृष्टिदोष त्यात बसत नाही.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. चष्मा लावूनही किती दिसतं, यावर दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के लागतात. पालकांच्या आयकरात 80डीडी कलमाखाली 75 हजारांची वजावटही याच कागदावर मिळते, 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. फक्त जुनी करप्रणाली घेतलेली हवी.

आता पैशांचं. ट्रस्ट तुमच्या हातात रोख देतील ही आशा ठेवू नका. आम्ही गेलो तिथे चेक दुकानाच्या किंवा हॉस्पिटलच्या नावाने निघायचा, म्हणून अर्जासोबत कोटेशन मागायचे. शिवाय तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, डॉक्टरांचं पत्र. एका ट्रस्टमधल्या मावशींनी फॉर्म देतानाच सांगितलं, "ताई, 'मुलीच्या उपचारासाठी मदत' असं मोघम लिहू नका. एक वस्तू लिहा, तिची किंमत लिहा." मी स्टँड मॅग्निफायर (पानावर उभं ठेवायचं भिंग) आणि उतरत्या फळीचं टेबल लिहिलं. मंजूर झालं. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र प्रत्येक वेळी नवीन झेरॉक्स मागत राहिले, शेवटी आम्हीच नाद सोडला.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकांना आधी भेटा. तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार.

पण खरं सांगू? आमचं घर बदललं ते पैशाने नाही. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांसाठी. तिथल्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "ही घरी जेवते कशात?" स्टीलच्या ताटात, आणखी कशात! "ताट चमकतं, वर ट्यूबलाइट, त्यात पांढरा भात. तिला दिसणार काय?" त्याच संध्याकाळी काळी प्लेट आणली. लेकीने पहिल्यांदाच भाताचा ढीग स्वतः चाचपडत न शोधता उचलला, आणि लोणच्याची फोड बरोबर बाजूला सारली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हिला लोणचं आवडत नव्हतं होय! आम्ही आपले कालवून भरवत होतो." मग जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लागली, अभ्यासाला खिडकीकडे पाठ करून बसणं सुरू झालं. सगळा खर्च मिळून एका चष्म्याच्या काचेइतकाही नव्हता.

बाईंनीच पुढे वरळीच्या नॅबचं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं, नाव सुचवलं. ही 1952 पासूनची संस्था. नजर अजून कमी झाली तर पंचाईत नको, म्हणून मोठ्या अक्षरांसोबत ब्रेलही आत्ताच सुरू करायचं ठरलंय. कोपरखैरणे ते वरळी हा प्रवास रोजचा नाही, त्यामुळे तिथून शिकून आलेलं घरी तिचे बाबा घोटून घेतात. ब्रेलच्या स्लेटवर ठिपके टोचताना ओळ उजवीकडून डावीकडे लिहायची असते, तिथे अजून त्यांचीच गडबड होते.

जूनमध्ये पहिलीचा प्रवेश आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्याची प्रत फाइलला लावलीय. महापालिकेच्या शाळेत समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतील, एवढंच मुख्याध्यापक बाईंना विचारायचं राहिलंय.