स्थिर ट्रायपॉडवरून आकाशगंगा टिपताना आधी दिशा ठरवा

धनू आणि वृश्चिक राशींमधला आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा आपल्याकडे दक्षिणेला दिसतो. खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तो फार तर ४० अंश वर चढतो. म्हणून रावेर-यावलच्या बाजूने, सातपुड्याच्या पायथ्यावरून दक्षिणेकडे कॅमेरा लावला की भुसावळ-जळगावचा उजेड नेमका त्याच्याखाली येतो आणि फोटोचा खालचा भाग पिवळट होतो. चाळीसगावजवळची पाटणादेवीची बाजू या कामाला कितीतरी चांगली. तिथे दक्षिणेला डोंगर आहे, पलीकडचा उजेड त्याच्याआड दबतो. (भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चंगदेव याने काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख याच पाटणचा. आकाश बघायला याहून मानाची जागा कोणती?) रात्री अभयारण्यात शिरू नका, बाहेरच्या एखाद्या शेतमालकाला विचारून बांधावर उभे राहा.

सातपुड्याचा पायथा उत्तरेकडच्या फोटोंसाठी राखून ठेवा. ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर असतो, त्यामुळे डोंगराच्या फार जवळ गेलात तर तो झाकला जातो.

हा दाट पट्टा मार्चच्या मध्यावर रात्री दीडच्या सुमारास उगवतो, मेच्या मध्यावर साडेनऊलाच. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री धरा. जूननंतर ढगांचं राज्य.

आता सेकंद, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते. पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त वेळ ठेवलं की ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी रेघा येतात. ५०० भागिले फोकल लेंग्थ हा नियम सगळीकडे सांगतात. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) १८ मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबाने २७, म्हणून उत्तर साधारण १८ सेकंद. हा नियम आजच्या सेन्सरना पुरत नाही. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यावर १८ मिमीला एक पिक्सेल आकाशाचे सुमारे ४५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो, आणि खगोलीय विषुववृत्तावरचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या, आकाशातल्या रेषेवरचा) तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. १८ सेकंदांत तो सहा पिक्सेल ओढला जातो. मोठं करून पाहिलं की रेघ दिसतेच. ५०० ऐवजी ३०० घ्या, ११ सेकंद येतात. मृगाचा पट्टा जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, तिथे ही मर्यादा पाळाच. सप्तर्षी ध्रुवाच्या जवळ, त्यामुळे हळू सरकतात. तिथे दीडपट वेळ चालतो.

सुरुवात अशी करा: किट लेन्स १८ मिमीवर, एफ/३.५, आयएसओ ३२००, १० सेकंद, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. स्क्रीनचा उजेड कमी करा. अंधारात काळपट फोटोही झगझगीत वाटतो, म्हणून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा. तो डाव्या कडेला चिकटलेला नको.

फोकसवर मात्र वेळ घालवा, कारण इथली चूक नंतर सुधारत नाही. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध किंवा ज्येष्ठासारखा ठळक तारा दहापट मोठा करा आणि ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग हाताने फिरवा. मग चिकटपट्टी लावा. झूम हलला की फोकस गेला समजा. गारवा वाढतो तसाही तो सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा.

काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात. पायांखाली चपटे दगड ठेवा, मधला दांडा वर काढू नका, वारा असेल तर खाली बॅग टांगा. हिवाळ्यात पाणी दिलेल्या केळीच्या बागेजवळ लेन्सवर दव लवकर धरतं आणि तारे फुगलेले दिसू लागतात. यूएसबीवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळा.

एकाच फोटोवर थांबू नका. कॅमेरा न हलवता लागोपाठ २० फोटो घ्या. तेवढ्यात आकाश एक अंशही सरकत नाही, आणि स्टॅक केल्यावर (एकावर एक ठेवून सरासरी काढल्यावर) नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, साडेचार पटीने कमी होतो. सिक्वेटर हे मोफत सॉफ्टवेअर तारे जुळवतं आणि जमीन वेगळी स्थिर ठेवतं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ जातो. त्याऐवजी शेवटी टोपण लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच सेकंदांचे दहा डार्क फ्रेम (नुसते काळे फोटो) घ्या. सॉफ्टवेअर त्यांतला सेन्सरचा नॉइज खऱ्या फोटोंमधून वजा करतं. मेच्या उकाड्यात सेन्सरचा नॉइज चांगलाच वाढतो, म्हणून हे फ्रेम घरी येऊन नव्हे, तिथेच, कॅमेरा तेवढाच तापलेला असताना काढायचे.