लहान मुलांचे एक्स-रे: नॉर्मल फिल्म बघायला मिळेना

एमडी बालरोगच्या प्रॅक्टिकलला एक्स-रेचं टेबल असतं. परीक्षक फिल्म लावतात आणि म्हणतात, "बोला." त्या टेबलाची तयारी बेळगावात करताना जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून गेलेला नाही. मागून येणाऱ्या ज्युनिअरना तरी तो होऊ नये म्हणून लिहितेय.

रोगाच्या फिल्म शिकायला फारसं काही लागत नाही. फॅलोच्या टेट्रालॉजीतलं (जन्मजात हृदयदोष) बुटाच्या आकाराचं हृदय, ड्युओडेनल अट्रेसियाचा (लहान आतड्याची सुरुवात जन्मतःच बंद) डबल बबल म्हणजे हवेचे दोन फुगे, मुडदुसात मनगटाजवळच्या हाडांची खोलगट, विस्कटलेली टोकं, ही चित्रं सगळ्यांच्या नोट्समध्ये असतात. अडतं ते नॉर्मलवर. तान्ह्या बाळाच्या छातीत थायमस या ग्रंथीची सावली हृदयाच्या वर रुंद पसरलेली असते, कधी उजवीकडे शिडासारखी बाहेर येते. बाळाला झोपवून काढलेल्या एपी (किरण पुढून मागे जाणाऱ्या) फिल्ममध्ये हृदय मोठं दिसतं. नवजात बाळात ते छातीच्या रुंदीच्या ६० टक्क्यांपर्यंत असलं तरी चालतं, मोठ्यांचा ५० टक्क्यांचा नियम इथे लावायचा नाही. बाळाने श्वास सोडताना फिल्म निघाली तर फुफ्फुसं पांढुरकी दिसतात आणि श्वासनलिका उजवीकडे वाकते. यात आजार कुठेच नाही. पण हे छातीठोकपणे सांगायचं तर वेगवेगळ्या वयाच्या नॉर्मल फिल्म डोळ्यांखालून भरपूर जायला हव्यात.

नेमक्या त्याच मिळेनात. मी होते त्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिथे फिल्म कॉम्प्युटरवर साठवतात आणि लॉगिन फक्त रेडिओलॉजीकडे. वॉर्डातल्या स्क्रीनवर आपल्या पेशंटची फिल्म दिसायची, ती डिस्चार्ज झाला की बंद. आणि वॉर्डात दाखल झालेलं मूल आजारीच असतं. ज्याची छाती चांगली आहे ते ओपीडीतूनच घरी जातं, फिल्म आईच्या हातात. म्हणजे नॉर्मल बघायचं तर जुना साठा उघडून घ्यायलाच हवा, आणि त्यासाठी अर्ज. आमच्या विभागप्रमुखांची सही घेऊन गेले तर खिडकीवरचे म्हणाले, "सुपरिंटेंडेंट साहेबांची पण पायजे की ओ." साहेब मीटिंगसाठी बंगळूरला. ते परत आले तर अर्ज जुन्या नमुन्यातला निघाला. नवा नमुना कुठे मिळतो हे ज्यांनी मागितला त्यांनाच माहीत नव्हतं. सगळ्या सह्या जमल्यावर मग पेशंटच्या गुप्ततेचा मुद्दा आला. गुप्तता पाळायलाच हवी, त्यावर माझं दुमत नाही. पण नाव आणि नंबर झाकून फिल्म दाखवता येते, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? कॉम्प्युटरच्या आधीच्या काळातल्या फिल्मचे गठ्ठे तरी असतील म्हणून रेकॉर्ड रूममध्ये गेले. ते फिल्ममधली चांदी काढणाऱ्यांना केव्हाच विकून झाले होते. जिथे विद्यार्थी शिकतात तिथे शिकायची वस्तूच किलोवर जाते, याचा मला आजही संताप येतो. त्यातली मुलांची एक पेटी ठेवली असती तर जागा ती किती लागली असती!

वाट सापडली ती ओपीडीत. खानापूर, नंदगडकडची माणसं येताना पोराचे जुने सगळे कागद कापडी पिशवीतून आणतात, त्यात फिल्मही असतात. "अक्का, ही थोडा वेळ बघू का? शिकायला पाहिजे," म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. बैलहोंगलकडच्या आयांना कानडीत विचारायचं. फोटो हवा तर परवानगी घेऊन, नाव झाकूनच.

अशाच एका पिशवीत काही महिन्यांच्या बाळाची फिल्म होती. बाहेरच्या चिठ्ठीवर 'हृदय मोठं' असं लिहिलेलं, आणि आई ती चिठ्ठी घेऊन धास्तावलेली. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या बाजूची सावली सरळ नव्हती, प्रत्येक बरगडीच्या टोकाशी किंचित आत दबलेली, लाटेसारखी. थायमस मऊ असतो, बरगड्या त्याच्यावर उमटतात. हृदयाची कड अशी कधी दिसत नाही. सरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला, हृदय ठणठणीत. त्या दिवशी मला माझ्या अभ्यासाचा खरंच अभिमान वाटला. परीक्षेत तान्ह्या बाळाची फिल्म समोर आली तेव्हा हात जरासुद्धा थरथरला नाही.

रात्रपाळीच्या टेक्निशियन अण्णांशी ओळख ठेवा. फिल्म काढताना शेजारी उभं राहिलं की बाळ कसं वळतं ते दिसतं. मग फिल्म तिरकी निघाली नाही ना, हे कळायला दोन्ही बाजूंच्या बरगड्यांची पुढची टोकं आधी जुळवून बघायची सवय लागते. कातडीच्या घडीची रेघ न्यूमोथोरॅक्ससारखी (फुफ्फुसाबाहेर हवा साठणं) भासते, पण तिच्या पलीकडेही फुफ्फुसाच्या रेषा असतात.

शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर तो फिल्मवर दिसत नाही, एका बाजूचं फुफ्फुस जास्त काळं आणि फुगलेलं दिसतं. श्वास सोडतानाची फिल्म मागा, ती बाजू काळीच राहते. नवजात बाळाच्या फिल्ममध्ये बेंबीतली नळी आधी खाली ओटीपोटात जाऊन मग वर वळली तर ती धमनीतली, थेट वर गेली तर शिरेतली. नाण्यासारखी गोल वस्तू दिसली की कडेला दुहेरी रेघ आहे का ते बघा. असेल तर तो बटण सेल, आणि अन्ननलिकेत अडकला असेल तर तातडीने काढायचा, हे न विचारता बोलून टाका. आणि बोलायला सुरुवात नेहमी वयापासून.

ज्यांना तरीही अर्जाच्या वाटेनेच जायचं आहे त्यांनी पहिल्याच अर्जात 'नाव व नंबर झाकून' असं स्पष्ट लिहावं, आणि खिडकीवरून शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय हलू नये.