टेक्सासहून कोस्टा रिका, ट्रक चालवत : आधी होंडुरासचं वाचा

परवा ट्रक कस्टम्सच्या गोदामातून सुटला. अंग अजून दुखतंय, त्यामुळे थोडं तिखट लिहिलं जाईल, पण माझ्यामागून जे निघणार आहेत त्यांना हे आधी कळायलाच हवं.

मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, जहाजाने कशाला पाठवतोस, पैसे पाण्यात, पाच दिवसांत चालवत येतो माणूस. आम्हाला अकरा लागले. मी आणि मेहुणा आलटून पालटून, 2021 ची टोयोटा टकोमा, मागे चार जादा टायर, पाना-पकडींच्या पेट्या आणि एक वॉशिंग मशीन. तर असं घरी न्यायचं सामान मागे असलं की मेक्सिकोच्या लेखी तुम्ही टुरिस्ट राहत नाही, ट्रान्समिग्रांते म्हणजे सामान घेऊन मेक्सिकोतून पार पुढच्या देशात जाणारे ठरता, आणि मग वाटेल त्या पुलावरून जाता येत नाही, ठरवून दिलेल्या पुलावरूनच जायचं, आम्ही टेक्सासमधल्या लोस इंडिओसच्या पुलावरून गेलो आणि तिथे एजंटशिवाय कागद हलत नाही. याच धंद्यात आपसात दर ठरवून लुटणं आणि खंडणी चालायची म्हणून 2022 मधे अमेरिकेच्या न्याय खात्याने 12 जणांवर आरोपपत्र ठेवलं होतं, यावरून काय ते समजा. दोन-तीन जणांना दर विचारा, लेखी घ्या, आणि ‘सगळं धरून’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत ते वदवून घ्या. अमेरिकन कस्टम्सला गाडीचं ओरिजिनल टायटल म्हणजे मालकीचा कागद निघायच्या 72 तास आधी दाखवावं लागतं, आम्ही ते दिवस धरलेच नव्हते, हॉटेलात बसून घालवले.

मेक्सिको ठीक. ला व्हेंतोसाला वाऱ्याने मोठे ट्रेलरसुद्धा उलटतात, तिथे स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, बास. ग्वाटेमाला गेलं, एल साल्वादोर तर छानच गेलं, रस्ता चांगला आणि डॉलरच चालतात.

आता होंडुरास. नकाशात बघाल तर एल साल्वादोरकडची हद्द एल अमातियो ते निकाराग्वाकडची हद्द ग्वासाउले जेमतेम 130 किलोमीटर, आम्हीही म्हटलं दुपारच्या जेवणापर्यंत निकाराग्वात. पहिला गैरसमज इथेच होतो, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत माणसांना 90 दिवसांचा एकच मुक्काम धरतात पण गाडीला नाही, गाडीचा कागद प्रत्येक हद्दीवर नवीन, गाडीवरची जंतुनाशक फवारणी नवीन, पैसे नवीन. पुलाच्या अलीकडेच ट्रामितादोर म्हणजे तिथले कागद करून देणारे धावत येतात, एकाने तर चालत्या गाडीच्या काचेवर हात ठेवला तो शेवटपर्यंत काढलाच नाही. 120 डॉलर म्हणाला. सगळं झाल्यावर मी पावत्या मांडून बेरीज केली तर 50 सुद्धा होत नव्हती. उरलेल्याची पावती दे म्हटलं तर माणूस गायब.

तेही सोडलं असतं. पण त्याने घाई करून जो परमिट हातात दिला त्यात चेसिस नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप झाला होता. मी बघितलं नाही. उन्हात चार तास उभं राहून डोळे पांढरे झाले होते, शिक्का दिसला आणि निघालो. चोलुतेकाच्या पुढे रस्ता म्हणजे खड्डेच, मधे मधे डांबर. गावातली पोरं खड्ड्यात माती भरतात आणि रस्त्यावर दोरी आडवी धरून सुट्टे मागतात, त्यांना द्या, सरकारपेक्षा जास्त काम तीच करतायत. ग्वासाउलेला पोचलो तर तिथल्या बाईंनी कागद आणि दाराच्या चौकटीवरची पट्टी यावरून बोट फिरवलं, ओ वर थांबल्या आणि मान हलवली. दुरुस्ती जिथे कागद निघाला तिथेच होणार. म्हणजे परत 130, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच 130. तोच रस्ता तीनदा केला आम्ही, आणि तिसऱ्यांदा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळायला लागला.

म्हणून हे पाठ करा. चेसिस नंबर 17 खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. ओ दिसला की चूक आहे, खिडकीवरून हलू नका, मागची रांग कितीही ओरडू दे. पासपोर्ट, लायसन्स, टायटल प्रत्येकाच्या दहा दहा झेरॉक्स घरूनच न्या आणि शिक्का मारलेल्या परमिटची कॉपी तिथे काढावी लागते त्यासाठी सुट्टे ठेवा. होंडुरासच्या हद्दीवर सकाळी लवकर पोचा, रात्री अजिबात चालवू नका. निकाराग्वात ड्रोन नेऊ नका, जप्त होतो.

जहाज की रस्ता विचाराल तर माझं स्पष्ट मत, फक्त ट्रक आणायचा असेल तर जहाजच. रो-रो म्हणजे गाड्या चालवत आत चढवतात त्या जहाजात सामान ठेवू देत नाहीत, गाडी रिकामी आणि टाकी पाव लागते, पण तुमची कंबर शाबूत राहते. भरपूर सामान असेल, दोन ड्रायव्हर असतील आणि दोन आठवडे सुट्टी असेल तरच रस्ता. करात एक पैसा वाचत नाही, रस्त्याने आणा नाहीतर समुद्रातून, तीन वर्षांपर्यंतच्या गाडीला 52.29 टक्के, चार-पाच वर्षांच्या गाडीला 63.91 आणि त्याहून जुनीला 79.03, तेसुद्धा तुमच्या बिलावर नाही, कोस्टा रिकाचं अर्थखातं स्वतः जी किंमत धरेल तिच्यावर. साल्वेज टायटलची म्हणजे अपघातात वगैरे मोडून निकामी ठरवलेली स्वस्त गाडी तर बघूसुद्धा नका, तिचं रजिस्ट्रेशन होत नाही.

कोस्टा रिकाच्या हद्दीवर, पेन्यास ब्लांकासला पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. कोस्टा रिकाचा इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन दाराशी वाकला तेव्हा मेहुणा त्याच्या शेजारी उभा राहून सतराच्या सतरा खुणा मोठ्याने वाचत होता.