केसपेपर आजोबांचा होता

मी फिजिओथेरपिस्ट. अस्थिरोगतज्ज्ञांनी मला पाठवलेल्या चिठ्ठीवर मोजकंच लिहिलं होतं. वय ७८, पाच महिन्यांत दोनदा पडले, हाड मोडलेलं नाही, तोल आणि चालणं तपासून कळवावं. आजोबांबरोबर आजी आणि मुलगा आले होते. मुलानं बसायच्या आधीच सुरुवात केली, "बाबांचा आता काही भरवसा राहिला नाही. आई सतत हाताशी असते म्हणून निभावतंय."

बाहेरच्या बाकावरून पेशंट उठून आत येतो तेवढा वेळ मी दुसरं काही करत नाही. आपली तपासणी चालली आहे हे कळलं की माणूस नेटानं, ताठ चालतो. खरी चाल दिसते ती त्याच्या आधी. बाकावरून उठताना हाताचा रेटा लागतो का, उठल्यावर पहिलं पाऊल लगेच पडतं का, उंबऱ्याशी अडखळायला होतं का, वळताना पावलं किती लहान होतात. आजोबा आणि आजी बरोबरच उठले. आजींनी त्यांचा डावा दंड धरला होता. दोन पावलं चालून आजोबा थांबले, मग निघाले. दाराशी पुन्हा थांबले. चालता चालता असं थांबणं का झालं ते मला तेव्हा कळलं नाही, पण कागदाच्या कडेला टिपून ठेवलं.

पडण्याची हकीकत ऐकायला मी कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त वेळ देते. कुठे पडलात, किती वाजता, नेमकं काय करत होतात, कुठल्या बाजूला पडलात, आधी चक्कर किंवा अंधारी आली का, जमिनीला टेकेपर्यंतचं सगळं आठवतं का, स्वतःहून उठता आलं का. "तोल गेला" या उत्तरावर थांबलं तर हाती काहीच लागत नाही. चक्कर येऊन पडणारा, पाय अडकून पडणारा आणि शुद्ध हरपून पडणारा यांचे उपाय पूर्ण वेगळे. तिसऱ्याला तर माझ्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

आजोबा एकदा जिना उतरताना पडले होते आणि एकदा संध्याकाळी फिरून येताना. दोन्ही वेळा डाव्या बाजूला आणि थोडं मागे. चक्कर नाही, अंधारी नाही, सगळं स्पष्ट आठवत होतं. पाय अडकला का विचारलं तर म्हणाले, "नाही. गेला तोल, झालं." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग तपासणी. सुरुवात टाइम्ड अप अँड गो या चाचणीनं, आमच्या बोलण्यात टग. हातांच्या खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीनं जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. पॉडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी १९९१ साली मांडलेली ही चाचणी खुर्ची, घड्याळ आणि जमिनीवरची चिकटपट्टी एवढ्यावर होते. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरण्याचा एक प्रचलित निकष आहे. आजोबांना १० लागले. चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगितलं, तरी १२च्या आत परतले. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठ-बस, तीस सेकंदांत १३ वेळा. या वयाच्या पुरुषाला ११ जमल्या तरी चालतं. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला अंगठा लावून दहा सेकंद उभे राहिले, तेही न डगमगता. आडवं पडून आणि उभं राहून घेतलेल्या रक्तदाबात फरक नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर चांगली. गोळ्यांत गुंगी आणणारं काही नाही. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी होती. अशा माणसाच्या डोक्याला पडताना मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी ताबडतोब दाखवायला हवं, एवढं मी मुलाला सांगून ठेवलं.

म्हणजे या माणसानं पडायला नको होतं आणि तो दोनदा पडला होता.

खांद्याची हालचाल बघायला शर्टाची बाही वर केली तेव्हा डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला चार निळसर डाग दिसले, एकाखाली एक, साधारण सारख्या अंतरावर. पाचवा, जरा मोठा, दंडाच्या बाहेरच्या बाजूला. पडून उठलेला व्रण असा दिसत नाही. ती बोटं होती. मी विचारलं, "आजोबा, एकटे फिरायला जाता?"

"रोज सकाळी. चांगला तासभर."

"तेव्हा कधी पडलात?"

"छे, एकटा कधीच नाही," ते पटकन म्हणाले आणि गप्प झाले.

"आणि पडलात तेव्हा आजी कुठल्या बाजूला होत्या?"

कोणी काही बोलेना. मुलगा एकदा आईकडे, एकदा वडिलांकडे बघत राहिला. आजोबांचे दोन्ही थांबे आता माझ्या लक्षात आले. ते बायकोसाठी थांबत होते. लोकांना दिसत होतं ते आजींनी नवऱ्याला सांभाळणं. प्रत्यक्षात आजींचा सगळा भार त्या दंडावर होता, आणि आजींचा तोल गेला की दंडासकट आजोबा खाली ओढले जात होते. त्यांनी हे कळूनसवरून पाच महिने स्वतःच्या नावावर घेतलं होतं.

"आजी, तुमचंही चालणं बघू का?"

"माझा कुठे केसपेपर काढलाय? यांचं नीट बघा तुम्ही."

केसपेपर निघाला. वय ७४, मधुमेह वीस वर्षांहून जुना.

वयस्कर माणसांचं पडणं टाळण्यासाठी २०२२ साली आलेल्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीला विचारायचे तीन साधे प्रश्न दिले आहेत. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना डळमळल्यासारखं होतं का? पडण्याची काळजी वाटते का? पहिल्या प्रश्नाला आजी "नाही" म्हणाल्या. दुसऱ्याला "थोडंसं". तिसऱ्याला त्यांचे डोळे भरून आले. "माझं काय व्हायचं ते होवो. ह्यांना घेऊन पडेन याची धास्ती वाटते." मग हळूहळू बाकीचं आलं. न्हाणीघरात दोनदा, पलंगाशी एकदा, सकाळी उठल्या उठल्या. पलंगाशी पडल्या तेव्हा बराच वेळ उठताच आलं नव्हतं. मुलाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बाहेर जाणं बंद झालं असतं. ही भीती मी वरचेवर पाहते आणि ती खोटी नसते. पडलेल्या माणसाला घरचे प्रेमानंच बसवून ठेवतात. बसून राहिल्यानं मांड्यांची ताकद जाते, आणि मग तो पुन्हा पडतो.

त्यांच्या कमरेला पकडायचा पट्टा बांधला आणि मी बाजूला, अर्धं पाऊल मागे उभी राहिले. आजोबांना लांबच्या खुर्चीवर बसवलं. आजी हातांनी जोर देऊन उठल्या, तेही दुसऱ्या प्रयत्नात. पाय फाकवून, नजर जमिनीत रोवून, तळवे आपटत चालल्या. वळायला सात-आठ पावलं घेतली. अर्ध्या वाटेवर मी मुद्दाम विचारलं, "नातवंडं किती?" त्या जागच्या जागी थांबल्या, उत्तर दिलं आणि मग पुढचं पाऊल टाकलं. बोलायला थांबावं लागणारी माणसं जास्त पडतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ साली लॅन्सेटमध्ये दाखवून दिलं होतं. चालणं आपोआप होत नाही, प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं, तेव्हा बोलण्यासाठी लक्ष उरत नाही. त्यांना २२ सेकंद लागले. पावलं अर्धी पुढे-मागे ठेवून चार सेकंदही उभं राहता आलं नाही.

चप्पल काढायला लावली. उजव्या तळव्याला, अंगठ्याखालच्या फुगीर भागाशी, एक बारीक खडा चिकटलेला होता. कातडीत खोलगट खूण उमटली होती, तिच्याभोवती लाल कडं. "कधी गेला हा?" आजींनी वाकून पाहिलं. त्यांना माहीतच नव्हतं. खडा घेऊन त्या बाहेरून इथपर्यंत चालत आल्या होत्या. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून पाहिला, दोन्ही पायांच्या बोटांशी काहीच जाणवलं नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला तर म्हणाल्या, "गार लागतंय." थरथर जाणवली ती नडगीच्या वर, गुडघ्याजवळ. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तेव्हा दुसऱ्याच क्षणी त्या माझ्या हातावर रेलल्या. पायाखालची जमीन त्यांना कळत नव्हती, म्हणून ती डोळ्यांनी बघत चालत होत्या. अंधारात, किंवा जिन्यावर कोणी हाक मारल्यावर नजर वर गेली, की शेवटचा आधार संपायचा.

अजून एक गोष्ट बाकी होती. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घेतला, १४८/८०. उभं केल्यावर एका मिनिटानं १२०/७०, तीन मिनिटांनी ११६/६८. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर तो दोष धरतात. इथे ३२ नं उतरला होता. "डोळ्यांपुढे काळं होतंय," त्या म्हणाल्या, "सकाळी होतं तसंच." बसून घेतलेला त्यांचा रक्तदाब दर वेळी ठीकच येत असणार. मधुमेहात पायांच्या नसांबरोबर रक्तदाब सावरणाऱ्या नसाही दुबळ्या होतात. त्यात लघवी जास्त व्हायची गोळी होती, आणि रात्री झोपेची अर्धी गोळी, जी त्या खूप दिवसांपासून घेत होत्या.

मुलगा म्हणाला, "म्हणजे वयाचंच आहे ना हे? या वयात पडायचंच माणूस." मला या वाक्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर वर्षी जगात सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं. "वय झालं" म्हणून सोडून दिलं की कारण शोधायचं राहून जातं. मी त्याला कागदावर आईची कारणं लिहून दाखवली. बधिर तळवे, उभं राहताना उतरणारा रक्तदाब, झोपेची गोळी, मांड्यांची कमजोरी, मागून उघडी चप्पल. तळव्यांची जाणीव परत येणार नाही. बाकी प्रत्येकावर काही ना काही करता येतं.

औषधं बदलणं माझ्या हातात नाही. सगळे आकडे मांडून त्यांच्या डॉक्टरांना पत्र दिलं, आणि झोपेची गोळी मनानं एकदम बंद करू नका हे आजींना दोनदा बजावलं. ती हळूहळू कमी करायची असते. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, घोटे वर-खाली हलवायचे, डोकं स्थिर वाटलं की मगच उभं राहायचं. मागून बंद, पातळ पण टणक तळाचे बूट. ते घालण्याआधी आत हात फिरवायचा. न्हाणीघरात भिंतीत पक्क्या बसवलेल्या दांड्या. टॉवेलची दांडी धरून उभं राहू नये, ती माणसाच्या वजनासाठी नसते. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा.

वाद झाला तो वॉकरवरून. आजी म्हणाल्या, "काठी द्या, वॉकर नको. लोक काय म्हणतील?" काठी देऊन पाहिली. हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी मूठ येईल अशी उंची लावली. पण दोन्ही तळवे बधिर असताना एका काठीनं भागत नव्हतं, त्या दुसऱ्या हातानं भिंत शोधत होत्या. मग पुढे चाकं असलेला वॉकर दिला. मान वर करून त्या खोलीच्या टोकापर्यंत गेल्या. लांबून आजोबा म्हणाले, "बघ, मला धरायची गरजच नाही." त्यावर आजी पहिल्यांदा हसल्या. "मग दंड मोकळा झाला म्हणा तुमचा."

व्यायाम ओट्याला धरून करायचे दिले. टाचा उचलणं, बाजूला चालणं, हातांचा आधार कमी करत करत खुर्चीवरून उठणं. तोलाला थोडं आव्हान मिळालंच पाहिजे, नुसतं बसून पाय हलवल्यानं पडणं कमी होत नाही. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो व्यायामक्रमाचा गाभा हाच आहे, ताकद आणि तोल दोन्ही, आणि दर थोड्या दिवसांनी पायरी वाढवायची. जमिनीवरून उठायचंही शिकवलं. कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगायचं, जास्त ताकदीचा पाय पुढे टेकून उठायचं. तासन्‌तास जमिनीवर पडून राहिलं की त्वचेला जखमा होतात, दाबलेल्या स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. हे शिकताना आजोबाही चटईवर आले.

तीन महिन्यांनी आजींना वॉकरसकट १६ सेकंद लागले. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस कमी केला होता, झोपेची गोळी सुटत आली होती. उभं राहिल्यावर रक्तदाब अजून उतरतो, पण १४ नं. न्हाणीघरात एकदा तोल गेला, दांडी धरता आली. बोलताना त्या अजूनही मंदावतात, थांबत मात्र नाहीत. आजोबांच्या दंडावरचे डाग गेलेत आणि ते पुन्हा पडलेले नाहीत. त्यांचा केसपेपर मी बंद केला. आजींना दर महिन्याला बोलावते, आणि त्याच फेरीत मधुमेहाच्या डॉक्टरांकडून तळवे तपासून घ्यायचे ठरले आहे.